गाडी नसलेलं पार्किंग

१

इंजिन ऑइल लहान मुलाच्या पोटात गेलं तर काय होतं, या एका प्रश्नावर मी अख्खी रात्र काढली. फोनवर वाचलं, मग वाचू नये तेही वाचलं, फोन उशीखाली ठेवला आणि उशीखालून परत काढला. जुई शेजारी गाढ झोपली होती. तिच्या नखांत काळं होतं. मी ते साबणाने, मग खोबरेल तेलाने, मग लिंबाच्या सालीने काढून पाहिलं होतं, तरी थोडं राहिलंच. आणि माझी मुलगी बोटं तोंडात घालून झोपणारी आहे.

"थोडंसं गेलं असेल तर काही होत नाही," योगेंद्र डोळे न उघडता म्हणाले होते. "आमच्या मिलमध्ये माणसं त्याच हातांनी भाकरी खातात."

"ती माणसं चार वर्षांची नसतात."

"झोप, हर्षदा."

आणि ते स्वतः झोपले. सुरतेत, पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये ते सुपरवायझर आहेत, मशिनींच्या धडधडाटात उभ्या उभ्या डुलकी काढू शकतात. मला ते जमत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे तेव्हा मुलांना सांगायचे, घाबरण्याआधी पुरावा बघा. आता पुराव्याची वाट बघत जागी राहते, एवढाच फरक.

सकाळी जुई ठणठणीत उठली, दूध सांडलं, बिस्कीट मागितलं. म्हणजे विषबाधा नव्हती. मी डोळ्यांवर पाणी मारलं आणि त्या डागाकडे जाऊन उभी राहिले.

नवागामची भाड्याची खोली सोडून आम्ही पर्वत पाटियाच्या मागच्या या रो-हाउसमध्ये नुकतेच आलो होतो. पुढे लोखंडी फाटक. फाटकाच्या आत एक गाडी मावेल एवढी उघडी जागा, खडबडीत टाइल्सची. त्या जागेच्या बरोबर मधोमध तो डाग, ताटाएवढा, काळा, कडांना तपकिरी. जुन्या मालकाच्या गाडीचं ऑइल गळत असणार. शेजारच्या रंजनाबेननीही तेच सांगितलं. घर वर्षभर बंद पडलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं.

आमच्याकडे गाडी नाही. मोपेड आहे, ती ओट्यापाशी भिंतीला टेकून असते.

मी वाकून डागाला बोट लावलं. बोट काळं झालं.

वर्षभर बंद घर, आत गाडी नाही, आणि डाग ओला. हे वाक्य मी त्या सकाळी पहिल्यांदा पूर्ण केलं. त्याआधी मी ते अर्ध्यात सोडून स्वयंपाकघरात जात होते.

२

"तू काय करी राह्यनी व?" सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं. सरलाबाईंचं अर्धं आयुष्य नवागामात गेलं, पण बोली त्यांनी अमळनेरहून आणली तशीच ठेवली आहे.

"डाग काढतेय, आई."

"सकायपासून?"

"जुईच्या तोंडात जाईल ते."

"तुना नवराना तोंडमा काय काय गयं, इचार माले," त्या म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या.

खायचा सोडा टाकला, कपड्यांची पावडर टाकली, उकळतं पाणी ओतलं आणि तारेच्या ब्रशने घासत बसले. रंजनाबेन फाटकाबाहेर भाजीची पिशवी घेऊन थांबल्या. "अरे हर्षदाबेन, आटली मेहनत? लाकडाचा भुसा टाका ने वर. बधू पी जाय."

तेल सगळं पिऊन घेईल म्हणून भुसाही टाकला. काळा फेस मोरीकडे वाहून गेला. दुपारच्या उन्हात फरशी वाळून पांढरी पडली, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी फोटो काढून योगेंद्रना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाग होता तिथे होता.

मला कारण माहीत होतं. फरशीला बारीक बारीक छिद्रं असतात, तेल आत मुरतं, वरचं काढलं की आतलं वर चढतं. केशाकर्षण. आठवीच्या वर्गात मी हे खडूच्या कांडीने आणि शाईने करून दाखवायचे. मुलं 'ओऽऽ' करायची. मी स्वतःलाही 'ओ' करून दाखवलं आणि पुन्हा सोडा आणायला वळले.

वळताना दिसलं की मोठ्या डागाच्या बाजूला एक छोटा डाग आहे. एकच थेंब. त्याच्या चारी बाजूंना केसासारखे बारीक काटे फुटलेले.

खालून वर चढलेलं तेल पसरतं. त्याला असे काटे फुटत नाहीत. काटे फुटतात ते थेंब उंचावरून पडला तर.

मी वर पाहिलं. वर एप्रिलचं पांढरं आकाश होतं आणि विजेच्या तारेला अडकून राहिलेला संक्रांतीचा मांजा. बाकी काही नव्हतं.

३

व्हॅनवाल्याने फाटकाबाहेर हॉर्न वाजवला. जुई दप्तर घेऊन दारातून निघाली. दारापासून फाटकापर्यंत समोर सरळ मोकळी जागा आहे. ती सरळ गेली नाही. भिंतीला पाठ लावली, दप्तर पोटाशी धरलं आणि आडवी आडवी सरकत निघाली. अरुंद बोळातून जावं तशी.

मला वाटलं, मी रागावले म्हणून डाग टाळतेय. शहाणी मुलगी. पण डाग मधोमध होता आणि ती त्याच्या कितीतरी बाजूने जात होती. फाटकाजवळ ती भिंतीपासून सुटली, वळली, आणि वळताना तिने हात वर करून तळवा हवेत हळूच फिरवला. गुळगुळीत गोलसर काहीतरी तिथे असावं आणि तिला ते आवडत असावं, तसा.

दुपारी ती परत आली तीही तशीच, भिंतीला घासत. युनिफॉर्मच्या पाठीला चुना लागला होता.

"जुई, मधून ये ना सरळ."

"मधून कसं येणार?"

"का? काय आहे मधे?"

मी शाळेत एखाद्या मठ्ठ मुलाकडे बघायचे, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग शाळेतल्या गुजरातीत, समजुतीने म्हणाली, "मम्मी, गाडी छे ने. गाडी आहे ना मधे."

सासूबाई हसल्या. "पोरं असंच खेयतस. तुनं डोकं तपी गयं, लिंबूपाणी पी."

मी लिंबूपाणी प्यायले. मुलं खेळतात हे मलाही माहीत आहे. माझी मुलगी तर डब्याच्या झाकणाला बेबी म्हणते.

पण त्याच दुपारी गच्चीवरून उडून खाली आलेला टॉवेल घ्यायला मी घाईत अनवाणीच बाहेर धावले. टाइल्स तव्यासारख्या तापल्या होत्या, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होते आणि दोन-चार उड्यांनंतर उडी मारायची गरजच उरली नाही. पायाखाली गार होतं. डोक्यावर सूर्य, सावली कसलीही नाही, आणि फरशी माठाखालच्या जागेसारखी गार. सोसायटीचा तपकिरी कुत्रा तिथेच, भर उन्हात, पाय ताणून झोपला होता. त्याला मी कितीदा तिथे झोपलेला पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, काय हा वेडा कुत्रा.

मी पायाने हद्द शोधत गेले. टाच भाजते, बोटं गार. पुन्हा टाच भाजते, बोटं गार. गार भाग लांबट होता. फाटकाच्या अलीकडे सुरू होऊन ओट्याच्या थोडं आधी संपणारा. मधे डाग.

मी थांबले तेव्हा आवाज ऐकू आला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्. बंद केलेली गाडी थंड होत जाताना करते तसा. तो जमिनीतून येत नव्हता. माझ्या कमरेच्या उंचीवरून येत होता.

पाण्याचे पाइप उन्हाने फुगतात. त्यांचा आवाज होतो. मी टॉवेल उचलला, सावकाश आत आले आणि दार लावून घेतलं. एवढंच, की पाइप त्या बाजूला नाहीत.

४

योगेंद्रना मी गार फरशीचं सांगितलं नाही. फक्त डाग जात नाही म्हटलं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, तू परत शाळा सुरू कर. आणि ते चुकीचं नसतं, म्हणून जास्त लागलं असतं.

"घासतेस कशाला?" ते म्हणाले. "घासून डाग पसरतो. आमच्याकडे मशीनचं तेल कापडावर उडतं रोज. तेल घासायचं नसतं, ओढून घ्यायचं असतं."

रविवारी ते मिलमधून एका डब्यात तेल काढायचं केमिकल आणि पोतंभर चिंदी घेऊन आले. चिंदी म्हणजे कापडाच्या कडांचे कापलेले तुकडे, पांढरे, कोरे, मऊ. डागावर खडूची पूड केमिकलमध्ये कालवून थापायची, वर चिंदीचे थर घालायचे, त्यावर वजन. तेल पुडीत चढतं, पुडीतून चिंदीत. सकाळी चिंदी काढायची, नवी घालायची. "डागाला बसायला दुसरी जागा द्यायची," योगेंद्र म्हणाले. "तो आपणहून उठून जातो."

पाटा ठेवला वर. जुईला बाहेर यायची बंदी केली. सकाळी पाटा उचलला की खालची चिंदी काळी झालेली असायची, तिच्या वरची तपकिरी, तिच्या वरची पिवळसर. मी त्या चिंद्या बादलीत टाकून मोरीपाशी ठेवायचे, कचरागाडी आली की जातील म्हणून. बादली रिकामी झालेली दिसायची. मी विचारलं नाही. घरात एखादं काम आपण न करता झालेलं दिसलं तर विचारायचं नसतं, हे लग्नानंतर शिकलेलं.

डाग खरंच उठत गेला. आधी तपकिरी, मग चहाच्या डागासारखा, मग नुसती ओलसर छटा. आणि एका सकाळी पाटा उचलला तर चिंदी जशी घातली तशी पांढरी.

मी दुपारपर्यंत थांबले. मग अनवाणी बाहेर गेले. इथून तिथपर्यंत सगळीकडे पाय भाजला. कुठेही गार नाही. आवाज नाही. कुत्रा रंजनाबेनच्या गुलमोहराखाली गेला होता.

व्हॅन आली. जुई तिच्यातून उतरली, फाटक ढकललं आणि मधोमधून, दप्तर हलवत, धावत आत आली.

मी ओट्यावर बसून रडले. तळवे फोडांनी भरले होते, रडायला तेही कारण पुरेसं होतं.

"एवढं छान काम करतेस तर मिलमध्ये ये," योगेंद्र रात्री जेवताना म्हणाले. "नोकरी लावतो."

"तुमच्या हाताखाली?"

"मग काय तुझ्या?"

त्या रात्री मी उशीला डोकं टेकल्यापासून सकाळपर्यंत झोपले. असं किती दिवसांनी झालं ते आठवेना.

५

मे लागला. जुईच्या शाळेला सुट्टी लागली, माझ्या डोक्याला कामं लागली. कैऱ्या आल्या, पाणी कमी दाबाने येऊ लागलं, पार्किंगमध्ये मी तुळशीची कुंडी आणून ठेवली. आयुष्य चालू होतं, दमवत होतं, म्हणजे ठीक होतं.

एका दुपारी मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. या खोलीत आम्ही खाली गाद्या घालून झोपतो. एका भिंतीला कपाट, समोर खिडकी, मधे गाद्या. जुई दारात आली, तिची बाहुली कपाटापलीकडे राहिली होती.

तिने कपाटाला पाठ लावली. पोट आत घेतलं. आणि आडवी आडवी सरकत गेली.

हातातला फ्रॉक मी घडी न घालता खाली ठेवला. "जुई. सरळ ये."

तिने ऐकलं नाही, बाहुली घेतली आणि आली तशीच सरकत परत गेली. दाराशी पोहोचल्यावर हात वर करून हवेतून तळवा फिरवला. सवयीने. बघितलंसुद्धा नाही तिकडे.

मी फरशीवर हात ठेवला. दाराजवळ कोमट. खिडकीजवळ कोमट. गाद्यांकडे सरकत गेले तशी ती गार होत गेली, आणि जुईच्या गादीपाशी इतकी गार की मी हात मागे घेतला. पंखा वर कुरकुरत होता. त्याच्या कुरकुरीच्या मधल्या जागेत, टक्. टक्.

जुईच्या गादीवर नवी गोधडी होती. सासूबाईंनी गेल्या आठवड्यात शिवून संपवली होती. वरचं कापड जुईच्या बारशाला नेसलेल्या त्यांच्या जांभळ्या लुगड्याचं, टाके मुंगीच्या रांगेसारखे बारीक. मी किती कौतुक केलं होतं.

सासूबाई स्वयंपाकघरात कैरी किसत होत्या.

"आई, गोधडीत आत काय घातलंत?"

"काय म्हंजे? चिंद्या."

"कुठल्या?"

"तू बादलीमा फेकी दिधात त्या. तीनदा धुयात मी, सोडामा उकायात. इतलं चांगलं सुती कापड, फेकाना कसा?"

त्या माऊलीला मी काय म्हणणार होते? नवागामात माग चालवून थकून आलेल्या बायका रात्री गोधड्या शिवायच्या. कापडाचा तुकडा फेकणं हे त्यांच्या घरात कुणी कधी पाहिलेलं नाही. बादली कोण रिकामी करतं ते मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नव्हतं.

"तेलाच्या होत्या त्या, आई."

"तेल गयं ना धुवामा." त्या किसणी थांबवून माझ्याकडे बघू लागल्या, जराशा दुखावून. "आनि पोरले इतलं आवडस त्यावर झोपाले. थंडगार लागस म्हने. मन्हा हातनी गोधडी शे, उन्हायामा बी थंड."

मला आठवलं, की त्या आठवड्यात दोनदा सकाळी मी जुईच्या गालावरचं चॉकलेट पुसलं होतं. एक वाळलेला तपकिरी ठिपका. बाजूने बारीक काटे फुटलेला. ओल्या फडक्याने पुसताना मी तिला विचारलंही होतं, कुणी दिलं गं चॉकलेट?

घरात चॉकलेट नव्हतं. मी तिला देतच नाही, दात किडतात म्हणून.

६

मी परत खोलीत गेले तोवर जुई बाहुली घेऊन गोधडीवर झोपूनही गेली होती. उताणी, तोंड उघडं. मुलं अशी एका क्षणात झोपतात.

तिला उचलायचं, बाहेर आणायचं, एवढंच काम होतं. मी गादीपाशी गेले आणि वाकले. एवढं का वाकले, सांगता येत नाही. डोक्याला लागेल असं काही नव्हतं तिथे, वर सगळं मोकळं, नुसता पंखा. पण पाठीला ठाऊक असल्यासारखी ती वाकली, मग गुडघे टेकले, मग कोपरं, आणि मी पोटावर सरकत तिच्याजवळ गेले. मेकॅनिक सरकतात तशी. त्या क्षणी त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

आत अंधारलं होतं. बाहेर दुपार होती, खिडकी उघडी होती, पण उजेड फक्त खालून येत होता, फरशीलगत, चारी बाजूंनी एकेक पट्टी. वास पेट्रोल पंपावर येतो तसा. मी वर पाहिलं नाही. हे मी ठरवून केलं, आणि त्या दिवसात मी केलेलं ते एकच शहाणपण. माझ्या मानेवर काहीतरी कोमट पडलं आणि ओघळलं.

जुईच्या पलीकडे, कपाटाच्या बाजूला, उजेडाच्या पट्टीत मला एक पाऊल दिसलं.

पुरुषाचं. चामडी सँडल, पट्ट्यावर धूळ. टाचेला भेगा. नखं नीट कापलेली. एकच पाऊल होतं, फरशीवर पूर्ण टेकलेलं, त्यावर माणसाचा भार होता. दुसरं दिसत नव्हतं, ते वर असणार. माणूस गाडीत बसताना असा एका पायावर उभा असतो. उतरतानाही तसाच असतो.

मी जुईचे दोन्ही पाय धरून तिला ओढलं. जोरात ओढलं. मागे सरकताना माझं डोकं कशाला तरी आदळलं आणि पत्र्यासारखा आवाज झाला. जुई रडायला लागली. आम्ही दोघी दाराबाहेर येऊन पडलो.

"काय व्हयनं? काय व्हयनं व माय?" सासूबाई किसणी हातात घेऊनच धावत आल्या.

खोलीत ऊन होतं. गादी, गोधडी, घड्या न घातलेले कपडे. पंखा फिरत होता.

"पडले," मी म्हटलं. डोक्याला हात लावला. टेंगूळ आलं होतं. मानेवर हात फिरवला, बोटं काळी झाली.

७

योगेंद्र पाळी अर्धी टाकून आले. येताना रागात होते. मग त्यांनी माझं डोकं पाहिलं, मान पाहिली, माझी बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. मग खोलीत जाऊन त्यांनी गोधडीचाही वास घेतला.

"बॉयलरमध्ये टाकतो," ते म्हणाले. "आमच्याकडे चिंदीच जळते."

त्यांनी गोधडी गुंडाळून पोत्यात घातली. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून रडत होत्या. "मन्हा बोटं दुखी गयात शिवता शिवता. सांगतीस तर उसवी दिन्ही असती. आग लावाले कसाले?"

"आई, मी दुसरी शिवायला मदत करेन," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या जागी मीही पाहिलं नसतं.

फाटकातून मोपेड बाहेर पडली तेव्हा मी खोलीत गुडघ्यांवर बसून होते. हात फरशीवर. गाद्या भिंतीला उभ्या केल्या होत्या. पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि दारापर्यंत आले, एक टाइलही सोडली नाही. मधे कधीतरी फरशी कोमट झाली. मग सगळी कोमट झाली. मेच्या सुरतेतलं ते घाणेरडं, चिकट, सगळीकडे सारखं कोमटपण. मला फरशीचा मुका घ्यावासा वाटला.

योगेंद्रचा फोन आला. मागे मशिनी धडधडत होत्या, ते ओरडून बोलत होते. "टाकली. मी उभा राहून बघितली. राख झाली, हर्षदा. आता झोप जरा."

"जेवायला याल ना?"

"येतो. आईची समजूत काढ."

आईंची समजूत निघाली नाही, पण त्यांनी जुईसाठी खिचडी टाकली. दिवस अजून मावळला नव्हता. खिडकीतून उजेड थेट आतल्या खोलीच्या मधोमध पडला होता आणि जुई त्या उजेडातून इकडून तिकडे, हात पसरून, विमान करत धावत होती. मधून. अगदी मधून. मी दारात वाटी घेऊन बसले होते आणि ती फेरी मारून आली की तिच्या तोंडात एक घास द्यायचा, असं चाललं होतं. एरवी मी रागावते, एका जागी बसून खा म्हणून. आज धावू दिलं.

दमली तेव्हा माझ्या मांडीवर येऊन पडली. केसांना घामाचा वास येत होता. फक्त घामाचा.

विचारायला नको होतं. सगळं नीट असताना एक प्रश्न जास्त विचारायचा, ही माझी जुनी खोड.

"जुई, गाडी गेली ना आता?"

"हो." तिने घास चावला. "पप्पा घेऊन गेले."

"मग छान झालं ना? आता धावायला जागाच जागा."

घास गिळून तिने मान वळवली आणि खोलीतल्या कपाटाकडे पाहिलं. पाहुणे घरात बसलेले असताना काही मागायचं असलं की ती करते तसं तिने केलं. उठून गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी माझी मान खाली ओढली आणि तोंड माझ्या कानाला लावलं, कुणाला ऐकू जाऊन वाईट वाटू नये म्हणून.

"मम्मी," ती म्हणाली, "पप्पा तर गाडी घेऊन गेले. मग आता ते काका घरी कसे जाणार?"